भाड्याच्या भिंतीवरचा खिळा

नवविवाहित जोडप्याला उपदेश करण्याचा हक्क आपल्या समाजात ज्याला त्याला जन्मतःच प्राप्त झालेला असतो. आणि त्या जोडप्याने भाड्याची जागा घेतलेली असली म्हणजे तर त्या हक्काला धरबंधच उरत नाही. "भाड्याच्या घरात फार पैसा घालू नका हो, स्वतःचे झाले म्हणजे काय हवे ते करा," हे वाक्य गेल्या वर्षभरात तीन लग्नांनंतर तीन निरनिराळ्या तोंडांतून मी ऐकले. त्यांतले एक तोंड माझेच होते, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे. म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते केवळ परनिंदा म्हणून वाचले जाणार नाही.

या वाक्याच्या पोटात दोन गृहीते दडलेली आहेत. पहिले असे की, जे घर आपल्या नावावर नाही ते घरच नव्हे. ती केवळ पुढच्या गाडीची वाट पाहत बसण्याची खोली. दुसरे असे की, घर सजविणे म्हणजे पैसा ओतणे. ही दोन्ही गृहीते माझ्या मते साफ खोटी आहेत. परंतु ती इतक्या वडीलधाऱ्या स्वरात उच्चारली जातात की, पंचविशीतल्या मुलामुलींना त्यांचा प्रतिवाद करण्याचा धीरच होत नाही. तो त्यांनी करावा, एवढ्यासाठी हा लेख.

माझ्या पुतण्याच्या लग्नाला चार महिने लोटल्यावर मी पुण्यास त्याच्या बिऱ्हाडी गेलो. बिऱ्हाड म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक बसण्याची खोली, एक निजण्याची खोली आणि दोघे एका वेळी उभे राहिले तर कोपरास कोपर लागावे एवढे स्वयंपाकघर. दोघेही नोकरी करणारी, हौशी, वाचनाची आवड असलेली. परंतु आत पाऊल टाकल्याबरोबर एखाद्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आल्याचा मला भास झाला. पांढऱ्याफटक भिंती, वर एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात लग्नातल्या भेटींची न उघडलेली खोकी. आणि जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक तसबीर. उलटून पाहिली तो आत वारली पद्धतीचा तारप्याचा नाच!

"हे लावले का नाही?" मी विचारले.

"काका, करारातच लिहिलंय," सूनबाई म्हणाली, "भिंतीला खिळा मारायचा नाही. मारला तर रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार."

"आणि अकरा महिन्यांनी आपण इथं असू की नाही, कुणाला ठाऊक?" पुतण्याने पुस्ती जोडली.

तिच्या आजीने दृष्टी अधू झाली असतानाही दोन महिने खपून ओवलेले मोत्यांचे तोरण रुखवतात मांडले होते, ते मला आठवत होते. त्याची चौकशी केली. ते पलंगाखालच्या पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले निघाले. दाराच्या चौकटीलाही खिळा नव्हता.

घरी परत आल्यावर मी स्वतःच्या कपाटातील एक करारपत्र काढून वाचले. माझ्या मालकीची एक लहानशी जागा मी भाड्याने देत असतो. त्या करारपत्रातील सातवे कलम वाचले आणि मला माझीच लाज वाटली. शब्दसुद्धा तेच होते. मी ते लिहिले नव्हते, हे खरे. दलालाने आणून दिलेल्या नमुन्यावर सही तेवढी केली होती. पण ज्या कलमाने एका घरातील तोरण पेटीत कोंडले गेले, त्याच कलमावर माझी सही आहे, ही गोष्ट त्यामुळे थोडीच बदलते?

या अकरा महिन्यांच्या आकड्याचेही एक नवल आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने आवश्यक ठरविली. ती टाळण्यासाठी लोकांनी वर्षातला एक महिना कापला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला; त्याने मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी, असे ठरविले. म्हणजे ज्या कारणासाठी तो महिना कापला गेला ते कारणच या राज्यात नाहीसे झाले. अकरा महिने मात्र राहिले. लाखो तरुण संसार आज या आकड्याच्या मापाने जगतात, आणि हा आकडा कोठून आला हे ना घेणाऱ्याला ठाऊक असते ना देणाऱ्याला!

घरमालकांची भीती मुळातच निराधार होती, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने पुष्कळ जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस जखडून ठेवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू जागा सोडीना, आणि दोघांच्या भांडणात इमारती मोडकळीस आल्या. त्यातून पळवाट म्हणून मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी 'लीव्ह अँड लायसन्स'चा मार्ग धरला, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे असे लायसेन्सी म्हणून राहत होते, तेही संरक्षित भाडेकरू ठरले. त्या धसक्याने अनेकांनी घरे कुलपे लावून रिकामी ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. हा इतिहास मला मान्य आहे. परंतु १९९९ च्या अधिनियमाने मालकाची ती भीती जवळजवळ मुळापासून उपटून टाकली आहे. मुदत संपल्यावर लायसेन्सीने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. एवढे दणकट हत्यार हाती आल्यावरही जो मालक एका खिळ्याला भितो, त्याची भीती कायद्याची नव्हे, सवयीची आहे.

तोच अधिनियम खिळ्याच्या बाबतीत आमच्यापेक्षा किती उदार आहे पाहा. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर जागेचा ताबा घेता येईल, असे कलम त्यात आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, जेथे आवश्यक तेथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केलेली लाकडी आडभिंत, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, जाळीकाम, वाऱ्यासाठी पाडलेली खिडकी, ही कायम बांधकामे समजू नयेत, असे म्हटले आहे. ज्यांनी हे स्पष्टीकरण लिहिले त्यांना राहणारा माणूस वारा मागतो, आडोसा मागतो, हे समजत होते. मात्र ही सावली भाडेकरूपुरती आहे. लायसेन्सीच्या वाट्याला सारे काही करारपत्रातून येते, आणि करारपत्रात आम्ही त्याला खिडकी तर सोडाच, तसबिरीपुरती चार बोटे भिंतही देत नाही!

आमच्या पिढीचा दांभिकपणा येथे उघडा पडतो. माझे बाळपण गिरगावातील चाळीत, दोन खोल्यांत गेले. ती जागा आमची नव्हती. वडील महिन्याच्या महिन्यास भाडे भरीत. परंतु त्या भिंतींत किती खिळे होते याची गणती कोणी केली नसेल. स्वयंपाकघरात छताखाली तिन्ही बाजूंनी फळी होती. तिच्यावर तांब्यापितळेची भांडी ओळीने चकाकत, आणि फळीच्या काठाला वर्तमानपत्राची कात्रीने नक्षी कापलेली झालर असे. ती दर दिवाळीला बदलली जाई. बाहेरच्या खोलीत आजोबांची तसबीर, पोतीच्या मण्यांचा पोपट, काचेच्या चौकटीत भरतकामाचे हरिण, आणि रविवर्म्याची लक्ष्मी. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत आपला छापखाना काढला (तो पुढे मळवलीस गेला), आणि ज्यांच्या बापजाद्यांनी तैलचित्र कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, अशांच्या भाड्याच्या खोल्यांत चित्र आले. त्या चित्रांच्या कलामूल्याविषयी टीकाकारांनी पुष्कळ नाके मुरडली; त्या वादात मी शिरत नाही. पण ती चित्रे खिळ्यावर टांगलेली होती, आणि तो खिळा भाड्याच्या भिंतीत होता. वडिलांना तो ठोकण्याचा धीर झाला, कारण त्यांच्या पाठीशी १९४७ चा कायदा होता. त्यांना कोणी सहजासहजी उठवू शकत नव्हते. त्याच कायद्याच्या आधारावर वाढलेली आम्ही मुले पुढे सदनिकांचे मालक झालो, आणि मालक होताच पहिले कलम कोणते घातले, तर भिंतीला हात लावायचा नाही!

त्याही मागे जाऊन पाहावे. पुण्यानाशकाकडच्या जुन्या वाड्यांतून बिऱ्हाडे राहत, त्या वाड्यांच्या भिंती पाहिलेल्या वाचकांना आठवत असेल की तेथे खिळ्याचा प्रश्नच येत नसे. जाड भिंतीत कोनाडे असत, दिव्यासाठी दिवळी असे, दार लावलेले फडताळ असे, आणि पागोटे, अंगरखा, जपाची माळ अडकविण्यासाठी लाकडी खुंट्या भिंतीतच बसविलेल्या असत. बांधणाऱ्याने बांधतानाच जाणले होते की येथे माणूस राहावयाचा आहे आणि माणसाला वस्तू असतात. आज चार इंची विटेची, गुळगुळीत, आंधळी भिंत उभी करावयाची, तिच्यात एक कोनाडा ठेवावयाचा नाही, एक खुंटी ठेवावयाची नाही, आणि वर राहणाऱ्यालाही बजावावयाचे की तूही काही करू नकोस. ही कोणती गृहरचना?

पुतण्याच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या तसबिरीकडे मी पुन्हा येतो. कारण तिच्यातली विसंगती मला काही केल्या विसरता येत नाही. डहाणू, तलासरी, जव्हारच्या मुलखातील वारल्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे कुडाच्या, गेरूने वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात. चौकात पालघाट देवी असते. तो काढण्याचा मान सुवासिनींचा. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून तेथे लग्न पुरे होत नाही. साहित्य काय, तर पीठ, पाणी आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे ठेवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आता आपण शहरवासी ती चौकटीत घालून एकमेकांना लग्नात भेट देतो. ज्या समाजाकडे आपण दया म्हणून पाहतो, तो म्हणतो की, भिंत रंगल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि आपण त्याच भिंतीचे चित्र विकत घेऊन ते भिंतीला न लावण्याच्या करारावर सही करतो!

"पण ते सारे मागे टाकून जावे लागते, मग कष्ट कशाला?" असा प्रश्न येथे हमखास येतो. तो विचारणाऱ्याच्या दारात रोज सकाळी रांगोळी निघत नसावी. जी संध्याकाळपर्यंत पायांखाली पुसली जाणार हे ठाऊक असते, ती रांगोळी आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर काढली. उद्या पुसले जाईल म्हणून आज काढू नये, असे त्यांना वाटले असते तर महाराष्ट्रातील उंबरठे कोरडेच राहिले असते. आणि अकरा महिने म्हणजे काय थोडके झाले? दोन करार झाले की लग्नाची पहिली दोन वर्षे गेली. स्वतःची सदनिका होईपर्यंत मधली आठ-दहा वर्षे अशीच जातात. ती काही आयुष्याच्या हिशेबातून वजा होत नाहीत. मूल झाले तर त्याच्या स्मरणातली पहिली भिंत हीच असते.

वडीलधाऱ्यांच्या या उपदेशाला बाजाराने मोठ्या खुबीने उत्तर दिले आहे. आणि ते उत्तर उपदेशाहूनही घातक आहे. वडील म्हणतात, काहीच करू नका. दुकानदार म्हणतो, सगळेच आजच्या आज करा, पैसे हप्त्याने द्या, व्याज शून्य! या शून्य व्याजाविषयी एवढेच सांगतो की, अशी वस्तुतः काही चीजच नसते, व्याज प्रक्रिया-शुल्कात किंवा किमतीत लपविलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. सोफा, त्याला जुळणारे टीपॉय, त्याला जुळणारा टीव्हीचा कट्टा, त्यांना जुळणारे पडदे: सर्व एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच तपकिरी रंगात येते, आणि ते घर मग त्या दोघांचे न दिसता त्या दुकानाचे दिसते. शिवाय हे सामान बहुधा लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांचे असते. एकदा सुटे करून पुन्हा जोडले की त्यातले स्क्रू ढिले होतात, पाण्याचा हात लागला की कडा फुगतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला जर कोणती वस्तू न परवडणारी असेल, तर ती हीच. कारण त्याला दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवावयाचे असते. हप्ते संपण्यापूर्वीच कपाटाचे दार लोंबू लागते.

वरवर पाहता परस्परविरोधी असलेले हे दोन्ही पक्ष आतून एकच आहेत. सजावट म्हणजे खरेदी, यावर दोघांचेही एकमत आहे. एक ती खरेदी पुढे ढकलतो आणि दुसरा ती कर्ज काढून आज करावयास लावतो.

मग करावे तरी काय, असे सूनबाईने मला त्या दिवशी विचारलेच. मी काही गृहशोभेचा पंडित नव्हे, पण चाळीत वाढलेला मनुष्य आहे. जे सुचले ते सांगितले. आधी उजेड बदला. भिंतीवरच्या त्या एका पांढऱ्या नळीने सबंध खोलीतल्या माणसांचे चेहरे आजारी दिसतात. पिवळसर प्रकाशाचे दोन साधे दिवे खालच्या उंचीवर, दोन कोपऱ्यांत ठेवले की तीच खोली रात्री वेगळी होते. त्यानंतर कापड. खिडकीच्या दोन बाजूंमध्ये ताणून बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, त्याला खिळा लागत नाही. त्यावर आईचे एखादे जुने इरकली लुगडे उभे कापून सोडावे. ऊन त्यातून गाळून येते तेव्हा कोणत्याही दुकानातल्या पडद्याला ती सर येत नाही. बसावयास सतरंजी, तीवर गादी, तीवर सोलापुरी चादर, आणि टेकावयास लोड. सोफ्याचा खर्च वाचतो आणि चार पाहुणे अधिक बसतात. लाकूड सर्वांत शेवटी, आणि तेही नवे नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात हिंडण्याची हौस असेल तर सागवानाचे एखादे जुने टेबल किंवा शिसवी खुर्ची सापडते. पॉलिश कागद आणि दोन रविवार तिच्यावर खर्च केले म्हणजे ती दहा बिऱ्हाडे हलवली तरी मोडत नाही. पुस्तकांसाठी विटा आणि फळ्या पुरेत. खिडकीत तुळस. या साऱ्याला मिळून त्यांच्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी खर्च आला, हे पुतण्यानेच पुढे फोनवर सांगितले. या पैशातून कोणाची सदनिका झाली असती, असे मला वाटत नाही.

येथे एक गोष्ट पुरुष वाचकांना सांगितलीच पाहिजे. रुखवताची आपली प्रथा मोठी रसिक म्हणून आपण मिरवितो. पण तिच्यात नवऱ्या मुलीच्या हातची कला तासभर मांडवात मांडावयाची, पाव्हण्यांनी वाहवा करावयाची, आणि मग ती माळ्यावर टाकावयाची, असाच बहुधा तिचा शेवट असतो. घर सजविणे हे बायकांचे काम, ही समजूतही तेथूनच निघते. हे नवरे लोक ऑफिसातून येऊन "छान दिसतंय हं" एवढे बोलून पंख्याखाली बसणार असतील, तर माझ्या या सर्व उपदेशाने बिचाऱ्या मुलीच्या डोक्यावर आणखी एक ओझे तेवढे चढेल. विटा उचलावयास, टेबल घासावयास आणि पडद्याला टाके घालावयास दोघांनीही बसावे. माझ्या वडिलांना झालर कापता येत असे. ती ते आईपेक्षा सुबक कापीत.

राहता राहिला खिळा. मालकबंधूंचे म्हणणे असे की, भिंत खराब होते, आणि प्रत्येक भाडेकरू गेल्यावर रंग काढावा लागतो. मी स्वतः मालक असल्यामुळे हिशेब करून पाहिला. खिळा उपटून राहिलेले भोक पुट्टीने बुजवून त्यावर रंगाचा हात फिरविण्यास एक मनुष्य आणि अर्धी सकाळ लागते. रंग तर खिळे नसले तरी चार-पाच वर्षांनी काढावाच लागतो. ती घराची झीज आहे, भाडेकरूचा गुन्हा नव्हे. आणि अनामत रकमेतून असे पैसे कापण्याची सवय इतकी फोफावली आहे की, केंद्र सरकारच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, अशी मर्यादा सुचविण्यात आली. तो केवळ नमुना आहे, राज्यांनी स्वीकारावा म्हणून पुढे ठेवलेला. पण आमची अनामत घेण्याची रीत कोणत्या थराला गेली होती, याची साक्ष म्हणून तो पुरेसा आहे. ज्यांना भिंतीची फारच काळजी असेल त्यांनी दाराच्या वरच्या उंचीवर खोलीभर एक लाकडी पट्टी स्वतःच बसवून द्यावी. तिच्यावरून दोरीने हव्या तितक्या तसबिरी सोडता येतात आणि भिंतीला धक्का लागत नाही. वाड्यातल्या खुंटीचीच ती धाकटी बहीण.

माझ्या जागेतील करार गेल्या महिन्यात संपला. नवीन येणारे जोडपेही नुकतेच लग्न झालेले होते. दलालाने नेहमीचा नमुना पुढे केला तेव्हा मी सातवे कलम खोडून त्या जागी असे लिहावयास सांगितले: 'राहणारांस प्रत्येक खोलीत आपल्या सोयीप्रमाणे खिळे ठोकण्याची मुभा आहे, जागा सोडताना ते काढून भोके बुजवून द्यावीत, त्याबद्दल अनामत रकमेतून काहीही कापले जाणार नाही.'

"काका, असं कुणी लिहीत नाही हो," दलाल म्हणाला. "उद्या दुसरे मालक मला बोलतील."

ती मुलगी इतका वेळ नवऱ्याशेजारी गप्प बसली होती. तिने विचारले, "दाराच्या चौकटीला पण चालेल का?" चालेल, असे मी म्हणालो, आणि दलालाला तेही लिहून घ्यावयास लावले.